मुंबईत रॉक चालेल का

माझ्या बोलण्यात ‘रॉक’ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा आईने तो ‘रॉकेल’ असा ऐकला. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात पहिली, आणि किन्हवलीच्या आमच्या बौद्धवाड्यातल्या मुलींमध्येही पहिली. शहापूरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर, मला काम लागलं होतं. कसलं काम, असं आईने चुलीपुढून विचारलं. तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती आणि तिचं अर्धं लक्ष तिकडे होतं. मी म्हटलं, मुंबईत रॉकचा रेडिओ काढायचाय, लोकांना तो हवाय का याची चौकशी करायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरी आले, तर शेजारच्या दोघी बाया रिकामे डबे घेऊन ओट्यावर बसलेल्या. वैशाली रॉकेलच्या हापिसात लागली, आता रेशनवर कधी येणार ते तिला आधी कळणार, अशी बातमी आईने मोठ्या कौतुकाने सगळीकडे पोचवली होती. मी खरं काय ते समजावून सांगितलं, पण त्या हसल्या नाहीत. एकमेकींकडे बघून उठल्या. मी रॉकेल लपवते आहे अशी त्यांची खात्री झाली होती, आणि पुढे कित्येक दिवस त्यांनी आमच्याकडे विरजण मागितलं नाही.

बाबा गावातल्या भातगिरणीत कामाला होते. दिवसभर तिथल्या आवाजात राहून त्यांना घरातही ओरडून बोलायची सवय लागली होती, त्यामुळे आमचं कुठलंच बोलणं घरापुरतं राहायचं नाही. अंगाला कोंड्याचा वास, भुवयांवर पांढरी धूळ. गिरणीत आलेल्या प्रत्येक गोणीत ते पोकळ सळी खुपसून मधला दाणा बाहेर काढून बघायचे, कारण लोक वर सुकं भात घालतात आणि मधे ओलं. माणसांकडेही ते तसेच बघायचे. आमच्या घरात संशय घेणं हा दोष नव्हता, ती काळजी घेण्याची एक रीत होती. दहावीनंतर हेडमास्तरांनी मुलीला आता कशाला पुढे शिकवता म्हणून घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांना संशय आला तो मास्तरांचा. “तो एवढ्या काळजीनं नको सांगतो, म्हंजे त्यात कायतरी आपल्या फायद्याचं असंल,” एवढंच म्हणून त्यांनी मला कॉलेजात घातलं. माझ्या शिक्षणाचं श्रेय मी आजवर अनेक समारंभांत आईबापांच्या कष्टाला दिलं आहे, आणि ते खरंच आहे. पण थोडं श्रेय त्या संशयालाही द्यायला हवं होतं. भाषणात ते सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

माडीवरच्या खोलीत दोन टेबलं, दोन फोन आणि एक टेपरेकॉर्डर होता. खाली दुकानात गिऱ्हाइकं पातेली टिचक्या मारून वाजवून बघायची, तो आवाज दिवसभर फरशीतून वर यायचा. दुसऱ्या टेबलावर रंजना बसायची. ती मुरबाडकडची, डोंगराखालच्या एका पाड्यातली. तिच्या घरची बोली वेगळी, माझ्याशी बोलायची वेगळी, आणि फोन उचलला की मुंबईच्या दूरदर्शनवरची बाई बोलावी तशी बोलायची. आमचे साहेब म्हणजे नाडकर्णी सर. ते आठवड्यातून एकदोनदा मुंबईहून गाडीने यायचे. मानेवर रुळणारे केस, उन्हाळ्यातही काळा शर्ट. बाजारात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. हा पोलिसांचा माणूस असावा, किंवा पोलिसांना हवा असलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सगळं समजावलं होतं. मुंबईतल्या एका कंपनीला नवं रेडिओ स्टेशन काढायचं होतं. मालक लोकांचं म्हणणं, सिनेमाची गाणी लावा. सरांचं म्हणणं, ती सगळेच लावतात, आपण दिवसभर फक्त रॉक लावू. म्हणजे जोरजोरात गिटार, छातीत वाजणारे ड्रम आणि घसा खरवडून इंग्रजीत गाणारी माणसं. एवढ्या मोठ्या शहरात त्याला ऐकणारा मिळणारच, असं ते म्हणायचे. मुंबईतल्या लोकांना फोन करून गाण्यांचे तुकडे ऐकवायचे आणि शेवटी विचारायचं, “असं संगीत लावणारा रेडिओ मुंबईत चालेल का?” शहापुरात भाडं कमी आणि पदवीधरही स्वस्त, म्हणून खोली इथे. रॉकचं स्टेशन निघालं तर ही खोली कायम राहणार, आम्ही दोघी कायम होणार. नाही निघालं तर खोलीला कुलूप. चौकशी करणाऱ्यालाच उत्तर काय यायला हवं ते आधी सांगून ठेवणं बरं नव्हे, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण नोकरी नवी होती, आणि किन्हवलीत मुंबईचा एफएम लावला की नुसती खरखर यायची. जे आपल्याला ऐकूच येत नाही त्याच्याबद्दल आपण काय बोलणार.

मी ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘आमी’चं ‘आम्ही’ केलं आणि फोन लावू लागले. मुंबईची माणसं आमच्यापेक्षा संशयी निघाली. नंबर कुठून मिळाला, काय विकायचंय, नवरा घरी नाही, नंतर फोन करा. टेपरेकॉर्डरपुढे रिसीव्हर धरला की कोणी म्हणायचं, लाइन खराब आहे का, घरघर येतेय. कोणी म्हणायचं, बाई, तुमच्या मागे काहीतरी पडलं. रंजनाला एकदा एका आजीने विचारलं, मारामारी चाललीय का गो तिकडे, पोलिसांना बोलावू का. पण शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक जण मऊ व्हायचे. चालेल, चालेल, म्हणायचे आणि फोन ठेवायचे. आम्ही ‘हो’च्या रकान्यात रेघ मारायचो. ‘हो’च्या रेघा वाढत गेल्या. नाडकर्णी सर आले की त्या बघून हाताची बोटं टेबलावर वाजवायचे, आणि रंजना माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, “झालो आपुन परमनंट.”

घरी मात्र वारं उलटं होतं. गिरणीत कोणीतरी बाबांना सांगितलं, तुमची पोरगी म्हणे शहापूरला बसून मुंबईच्या बाप्यांना फोनवर गाणी ऐकवते. त्या दिवशी बाबा जेवायला बसले तेव्हा बोलले नाहीत. आईने सुकट तव्यावर भाजून कांद्यात कालवली होती, वालाचं बिरडं होतं, आणि बाबा न बोलता खात होते. हे आमच्या घरात एवढं विचित्र होतं की शेजारची एक बाई डोकावून विचारून गेली, सगळं ठीक ना. हात धुतल्यावर ते म्हणाले, “काम खरं असंल तर कर. खोटं असंल तर ज्या दिवशी कळंल त्या दिवशी घरी. मंग तू कितीबी शिकलेली अस.” मी म्हटलं, खरं आहे. ते म्हणाले, “तू सांगू नको. मी बघीन.”

आणि ते खरंच आले. न सांगता, गिरणीतून सुट्टी काढून, धुतलेला सदरा घालून जिना चढून वर. नेमके सर त्या दिवशी आले होते. आमच्या वाड्यात बाबा कुणालाही जयभीम करायचे, मोठ्या माणसाला तर मुद्दाम खणखणीत. तिथे दारात उभं राहून ते “नमस्कार साहेब” म्हणाले, तेही हळू आवाजात. त्यांचा तो हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. सरांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांना बाबांच्या येण्याचं कारण बरोबर कळलं असावं, कारण ते म्हणाले, तुमची मुलगी काय काम करते ते मी तुमच्यावरच करून दाखवतो. मग त्यांनी टेपरेकॉर्डर बाबांजवळ सरकवला आणि एकामागून एक तुकडे लावले. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत चार आकाशपाळणे एकदम फिरावेत तसा त्या खोलीत आवाज भरला. खालच्या दुकानदाराने छताला काठीने ठोकलं. सरांनी विचारलं, कसं वाटलं काका. बाबा म्हणाले, “चालंल.” पुढचा तुकडा. “चालंल.” ज्यात नुसती किंकाळी होती, त्यालाही “चालंल साहेब.” मग सरांनी आमचा शेवटचा प्रश्न विचारला आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “चालंल की. का नाय चालणार.”

सर खूश झाले. टाळी देण्यासारखा हात करून ते आम्हाला म्हणाले, बघा, भातगिरणीत काम करणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा रॉक ऐकतोय, आणि हो म्हणतो. मला मालकांना हेच सांगायचंय. त्यांनी स्वतःच्या हाताने ‘हो’ची रेघ मारली. मी मात्र बाबांकडे बघत होते. तो चेहरा मला ओळखीचा होता. गिरणीचा मालक आज जास्त वेळ थांब म्हणतो, तेव्हा बाबांचा चेहरा तसा होतो. कॉलेजात फीची सवलत मागायला गेलो, कारकुनाने पुन्हा पुढच्या आठवड्यात या म्हटलं, तेव्हाही तसाच झाला होता. ज्याच्या हातात आपलं काही असतं, त्याला आमच्या घरात नेहमी ‘चालेल’ असंच उत्तर देतात. बाबा माझी नोकरी राखायला किंकाळीला चालेल म्हणत होते.

संध्याकाळी आम्ही एकाच एसटीने परतलो. घरी ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, बाबा, तो रेडिओ निघाला तर चालेल म्हणालात. “हां.” आणि नाही निघाला तर? बाबांनी मान हलवली. “तेपण चालंल.” आई आत भांडी घासत होती, ती हसली. मी नाही हसले. माझ्या डोळ्यांपुढे रकान्यातल्या सगळ्या रेघा उभ्या राहिल्या. आम्ही विचारत होतो, टिकेल का. आणि लोक सांगत होते, माझी काही हरकत नाही, आता फोन ठेव. एकाच शब्दात दोन्ही बसत होतं. बाबांनी अट घातली होती, काम खरं पाहिजे, आणि काम खोटं असल्याचं मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. त्यांना ते कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक प्रश्न वाढवला. कुणी चालेल म्हटलं की मी म्हणायचे, आणि हा रेडिओ सुरू होऊन पुन्हा बंद पडला तर? “तेही चालेल,” लोक म्हणायचे, त्याच मऊ आवाजात. काही जण तर पहिल्यापेक्षा जास्त आनंदाने म्हणायचे. रंजनाने फोनवर हात ठेवून मला विचारलं, “काय चाललंय तुजं? खड्डा खनतेस का आपला?” मी तिला बाबांचं सांगितलं. ती म्हणाली, तुझा बाप घाबरला म्हणून सगळी मुंबई घाबरली असं नसतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कारण अधूनमधून एखादा माणूस असा लागायचा जो माझ्या नव्या प्रश्नावर चिडायचा. चालेल काय, अजिबात चालणार नाही, असं ओरडायचा. ती माणसं मी वेगळी मोजू लागले. ती फार थोडी होती. पण ‘हो’च्या रकान्यातली खरी माणसं तीच होती.

हल्ली मोबाइलवर रोज कोणीतरी विचारतं, आमची सेवा कशी वाटली, किती तारे द्याल. मी मुरबाडच्या शाळेत शिकवते, आणि शिक्षकांच्या खोलीत बसून बघते, सगळे भराभर सगळे तारे देतात आणि चहा पितात. कुठेतरी कोणीतरी त्या ताऱ्यांची बेरीज करून साहेबाला दाखवत असणार. मला त्या बेरीज करणाऱ्या मुलीची काळजी वाटते.

सरांना मी स्वतःच सांगितलं. मी नवा प्रश्न सांगितला, आलेली उत्तरं सांगितली. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. “तुला हे कोणी विचारायला सांगितलं?” मी म्हटलं, कोणी नाही. “दुसऱ्या कंपनीचं कोणी भेटलं होतं?” मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं. मग ते शांतपणे म्हणाले, “वैशाली, रेडिओ आवडीवर चालतच नाही. लोक भाजी चिरत असतात, गाडी चालवत असतात. त्यांनी बटण फिरवलं नाही म्हणजे झालं. तुझं ते चालेल, त्यावरच सगळी स्टेशनं उभी आहेत.” हे खरं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, सर, फोनवर मी असते. बाई विचारतेय, तिला वाईट कशाला वाटू द्यायचं, म्हणून चालेल म्हणतात. भाजी चिरताना समोर मी नसेन. तिथे किंकाळी आली की हात पुसून उठतील आणि बटण फिरवतील.

सर माझी खुर्ची ओढून स्वतः बसले आणि फोन लावू लागले. एकेका माणसाला तुकडे ऐकवून माझे दोन्ही प्रश्न विचारले. चालेल, तेही चालेल. पुन्हा चालेल, तेही चालेल. त्यांची बोटं वाजायची थांबली होती. मग त्यांनी मला चिडलेल्यांपैकी एक नंबर मागितला. तो भायखळ्याचा एक गृहस्थ होता, गोदीतून निवृत्त झालेला. सरांनी स्पीकर लावला आणि विचारलं, स्टेशन काढून बंद केलं तर. तो म्हणाला, “बंदच करणार असाल तर काढू नका हो. मी माझ्या सगळ्या कॅसेट मुलाच्या लग्नात जागा पाहिजे म्हणून देऊन टाकल्या. आता सवय मोडलीय. पुन्हा लावाल आणि पुन्हा काढून घ्याल, तर मला नाही जमणार ते.” सरांनी त्याला कुठल्याशा गिटारवाल्याबद्दल विचारलं. तो काहीतरी म्हणाला. मग दोघं बोलतच राहिले. मला त्यातलं एकही नाव कळत नव्हतं, पण सरांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. रंजना टेबलावर डोकं ठेवून ऐकत होती. फोन ठेवल्यावर सरांनी विचारलं, असे किती आहेत. मी म्हटलं, थोडेच. ते म्हणाले, “त्यात मला धर.”

त्यांनी दोन्ही उत्तरं मुंबईला पाठवली. स्टेशन निघालं ते सिनेमाच्या गाण्यांचं. सर ती कंपनी सोडून गेले, कुठे ते कळलं नाही. एवढ्या मोठ्या शहरात रॉकचा रेडिओ टिकू शकतो का, असं मला आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, ऐकणारे आहेत, पण ते एकेकटे आपापल्या घरात आहेत, आणि रेडिओला आजूबाजूची माणसंही लागतात. हे उत्तर बरोबर आहे याची मला खात्री नाही. चांगली शिकलेली माणसंही याचं उत्तर देताना स्वतःच्या आवडीकडे बघून बोलतात, हे मात्र मी तिथे पाहिलं.

खोली रिकामी करायच्या दिवशी रंजना माझ्याशी धड बोलली नाही. फोनच्या वायरी गुंडाळता गुंडाळता तिने एवढंच विचारलं, “तुला मुंबईला नेतो बोलला का तो साहेब? खरं सांग.” मी शपथ घेतली. तिने ती ऐकून घेतली आणि खाली उतरून मुरबाडच्या गाडीत बसली. आता ती मुरबाडच्या बाजारात तयार कपड्यांचं दुकान चालवते. मी गेले की चहा देते, पण तिचा तो संशय गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

मी घरी येऊन सांगितलं, नोकरी गेली. कशी गेली तेही सांगितलं, काही न वगळता, बाबांच्या ‘चालंल’पासून भायखळ्याच्या म्हाताऱ्यापर्यंत. आईने पदराने तोंड पुसलं आणि उगाचच पाट उचलून दुसरीकडे ठेवला. मला वाटलं बाबा ओरडतील. माझ्यामुळे गेली काय, असं विचारतील. ते ओट्याच्या कडेला बसून पायाचे तळवे चोळत होते. चोळून झाल्यावर म्हणाले, “सगळ्या मुंबईला इचारलंस. तुला कंचं आवडलं होतं त्यातलं?”

एवढे दिवस मी ते तुकडे ऐकवत होते, ते मला झोपेतही पाठ होते, आणि हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मग मला एक तुकडा आठवला. त्यात गाणारा थांबतो आणि नुसता ड्रम वाजत राहतो, पाय जड झालेला माणूस चढ चढतो तसा. तो आला की मी रिसीव्हर थोडा जास्त वेळ धरून ठेवायचे. मी म्हटलं, एक होतं. बाबा म्हणाले, वाजव. मी ओट्यावरच्या फळीवर दोन्ही हातांनी तो वाजवून दाखवला. आधी लाजत, मग नीट, शेवटपर्यंत. आई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी डोळे मिटून, मान एका बाजूला करून, सगळं ऐकलं.

“नाय आवडलं मला,” ते त्यांच्या गिरणीतल्या आवाजात म्हणाले, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं. “पन पुन्हा वाजव.”